एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या चालू असताना व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, वाढला तर काय करायचं: औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूबद्दल पायरीपायरीने

आमच्या एआरटी सेंटरच्या मागे एक लिंबाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी मी एकदा एका माणसाला गोळ्या टाकताना बघितलं. चाळिशीतला, ट्रकवर ड्रायव्हर. डबीचं झाकण काढून तळहातावर गोळ्या मोजत होता, दोन परत डबीत टाकल्या, बाकीच्या नऊ मातीत, आणि वरून चपलेने माती ओढली. डबी 30 गोळ्यांची असते, तो आला होता 28 दिवस झाल्यावर, म्हणजे 2 उरायला पाहिजे होत्या आणि उरल्या होत्या 11. आत गेल्यावर मोजणी होणार, कौन्सेलर मॅडम विचारणार, म्हणून हिशोब बाहेरच जुळवून घेतला. आत त्याच्या हिरव्या पुस्तकात, म्हणजे पेशंटच्या नोंदीच्या वहीत, गोळ्या बरोबर असल्याचं लिहिलं गेलं आणि त्याच आठवड्यात त्याचा व्हायरल लोडचा रिपोर्ट आला, 46,000, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये एवढे विषाणू.

मी त्या दिवशी त्याला ओरडले नाही कारण हे सगळं मी स्वतः केलेलं आहे. मी 2008 पासून गोळ्यांवर आहे, तेव्हा एसएलएन म्हणायचे त्या गोळ्यांवर, म्हणजे स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन. मिस्टर गेल्यावर दीड वर्ष सासरी होते, डबी ज्वारीच्या कणगीत लपवायचे, घरात पाहुणे असले की दोन दोन दिवस कणगीकडे जाताच यायचं नाही. सेंटरला मात्र "सगळ्या घेतल्या" सांगायचे. त्या काळात व्हायरल लोड सगळ्यांचा होत नव्हता, सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, घसरला की मग बघायचे, त्यामुळे माझं बिंग फुटेपर्यंत विषाणू औषधाला दाद देईनासा झालेला होता आणि मला सेकंड लाईनवर, म्हणजे पहिली औषधं फेल गेल्यावरच्या दुसऱ्या औषधांवर, जावं लागलं. आता मी सेंटरमध्येच काम करते, लोकं ताई म्हणतात. हे सगळं लिहायचं कारण एवढंच की लोड वाढल्यावर माणूस घाबरून ज्या चुका करतो त्या टाळता येतात, फक्त कधी काय करायचं ते माहीत पाहिजे.

आधी रेझिस्टन्स म्हणजे काय ते नीट समजून घ्या

खूप जण म्हणतात, "ताई, माझ्या अंगाला गोळ्यांची सवय झाली." अंगाला काही सवय होत नाही, बदलतो तो विषाणू. एचआयव्ही शरीरात रोज कोट्यवधी नवीन विषाणू तयार करतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःची नक्कल करताना त्याच्याकडून चुका होतात, त्या चुका दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. बहुतेक चुकांनी तो विषाणूच मरतो. पण एखादी चूक अशी होते की औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलते, मग ते औषध त्या विषाणूवर चालत नाही.

आमच्याकडच्या शेतकऱ्यांना हे एका मिनिटात कळतं. गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला दाद देईनाशी झाली ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. फवारणीचं पण तसंच, औषध कमी मापात मारलं तर कमजोर अळ्या मरतात, चिवट अळ्या वाचतात आणि पुढची सगळी पिलावळ त्या चिवट अळ्यांची होते. गोळ्यांचं तंतोतंत हेच आहे. तिन्ही औषधं रक्तात पुरेशी असली तर विषाणूची नक्कलच होत नाही, नक्कल नाही तर चूक नाही आणि चूक नाही तर रेझिस्टन्स नाही. पण दोन दिवस घेतली, तीन दिवस सोडली, परत घेतली असं चाललं की रक्तात औषध असतं पण अर्धवट. विषाणू वाढायला मोकळा आणि त्यातला चिवट तेवढा निवडायला औषध हजर. सगळ्यात वाईट अवस्था हीच.

रेझिस्टन्स दुसऱ्याकडून पण येतो. ज्याच्याकडून लागण झाली त्याचा विषाणू आधीच दाद न देणारा असेल तर तुम्ही एकही गोळी न चुकवता पहिल्या दिवसापासून तुमच्यात तोच असतो. म्हणून लोड वाढला की "तूच गोळ्या खाल्ल्या नसणार" असं कुणी घरी किंवा सेंटरमध्ये ठरवून टाकू नये, हे मी मनापासून सांगते.

आणि एकदा तयार झालेला असा विषाणू जात नाही. लोड दिसेनासा झाला तरी तो पेशींमध्ये दडून बसलेला असतो, आणि तेच जुनं औषध परत दिलं की पुन्हा वर येतो.

पायरी 1: तुम्ही कोणत्या गोळीवर आहात आणि आधी कोणत्या घेतल्यात ते लिहून काढा

हे काम आजच करा, लोड चांगला असला तरी. सरकारी मोफत एआरटी आपल्याकडे 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली, तेव्हापासूनचे पेशंट बघितले तर एकेकाच्या तीन तीन, चार चार वेळा गोळ्या बदलल्यात. आधी एसएलएन, मग झेडएलएन म्हणजे झिडोव्हुडिनवाली, मग टीएलई म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाविरेंझ, जी रात्री घेतली की डोकं गरगरायचं आणि भलतीसलती स्वप्नं पडायची. आता बहुतेक सगळे टीएलडीवर आहेत, टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम, सगळं एकाच गोळीत, दिवसातून एकदा.

हा इतिहास का महत्त्वाचा आहे ते सांगते. नेव्हिरॅपिन आणि एफाविरेंझ ही औषधं एका चुकीवर पडतात. के 103 एन नावाचा एकच बदल झाला की दोन्ही गेली. लॅमिव्हुडिनचं पण तसंच, त्याच्या बदलाला एम 184 व्ही म्हणतात. टेनोफोव्हिरसाठी के 65 आर. डोल्युटेग्रॅव्हिर मात्र चिवट औषध आहे, त्याला पाडायला विषाणूला बरंच काही करावं लागतं, म्हणूनच ते सगळ्यांना दिलं गेलं. युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेत नादिया नावाची मोठी ट्रायल झाली, 2021 मध्ये तिचे निकाल आले, त्यात पहिल्या गोळ्या फेल गेलेल्या लोकांना डोल्युटेग्रॅव्हिर दिलं आणि सोबतच्या गोळीला विषाणू दाद देत नसला तरी बहुतेकांचा लोड खाली आला.

पण चिवट म्हणजे अभेद्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या मार्चमध्ये जो रिपोर्ट काढला त्यात डोल्युटेग्रॅव्हिरवर असून लोड वाढलेल्या लोकांपैकी 3.9 ते 8.6 टक्के लोकांत त्याचा रेझिस्टन्स मिळाला, आणि ज्यांनी आधी बऱ्याच गोळ्या बदलल्या होत्या आणि लोड वाढलेला असतानाच डोल्युटेग्रॅव्हिरवर गेले त्यांच्यात तर 19.6 टक्के. आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. टीएलडीवर लोड वाढलेल्या दहातल्या नऊ जणांत औषध अजून शाबूत असतं, नेमानं घेतलं की लोड खाली येतो. आणि जुन्या पेशंटला मात्र बेफिकीर राहून चालत नाही.

म्हणून एका कागदावर लिहा: कोणत्या वर्षी कोणती गोळी, का बदलली, मध्ये किती महिने बंद होती, टीबी कधी झाला होता. त्या कागदाचा आणि हिरव्या पुस्तकाच्या पानांचा मोबाईलमध्ये फोटो ठेवा. बाईला बाळंतपणात एचआयव्हीची औषधं दिली असतील तर ते पण लिहा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मधे वर्ष दोन वर्षं गोळ्या सोडलेला माणूस लाजेपोटी दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि नवीन पेशंट म्हणून नाव लावतो. डॉक्टर त्याला नवीन समजून सुरुवातीपासून धरतात, त्याच्यात जुना चिवट विषाणू बसलाय हे त्यांना कसं कळणार. गोळ्या सोडल्या होत्या हे सांगितल्याने कुणी गोळ्या नाकारू शकत नाही. एचआयव्ही कायदा 2017 चा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, उपचारात भेदभाव करायला त्यात बंदी आहे.

पायरी 2: व्हायरल लोडची तारीख तुम्ही स्वतः लक्षात ठेवा

नियम असा, गोळ्या सुरू झाल्यावर 6 महिन्यांनी, मग 12 महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी एकदा. सगळ्यांसाठी ही तपासणी फेब्रुवारी 2018 पासून सुरू झाली आणि सरकारी सेंटरला मोफत आहे. गर्दीत कधी कधी राहून जाते, तेव्हा "माझा लोड मागच्या वर्षी अमुक महिन्यात झाला होता" हे तुम्हीच बोला. सीडीफोर चांगला आहे म्हणून लोड नको असं समजू नका, लोड वाढल्यावर सीडीफोर घसरायला कित्येक महिने लागतात, माझं नुकसान त्याच गॅपमध्ये झालं.

रिपोर्ट वाचायचा कसा? टार्गेट नॉट डिटेक्टेड लिहिलं असेल तर मशीनला विषाणू सापडला नाही, उत्तम. काही रिपोर्टवर आकड्याशेजारी लॉग लिहिलेलं असतं आणि लोकं गोंधळतात. लॉग 3 म्हणजे 1,000, लॉग 4 म्हणजे 10,000, लॉग 5 म्हणजे 1 लाख. एक माणूस लॉग 4.6 बघून "साडेचारच आहे" म्हणून खुशीत घरी निघाला होता, ते 40,000 च्या आसपास होतं.

एखाद्या वेळी 80, 150 असा आकडा येतो आणि पुढच्या वेळी परत नॉट डिटेक्टेड, त्याला घाबरायचं कारण नाही. शेकड्यांत राहायला लागला तर डॉक्टरांशी बोला आणि गोळ्यांच्या वेळा कडक करा. 1,000 किंवा त्याच्या वर गेला की मग खालची पायरी.

पायरी 3: लोड 1,000 च्या वर आला, आता पुढचे तीन महिने

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि इथेच बहुतेकांचं भलं किंवा वाटोळं होतं.

पहिलं म्हणजे गोळ्या बंद करू नका. "लागू पडत नाहीत तर कशाला खाऊ" असं वाटतं, साहजिक आहे, पण त्या अजून लागू पडत असण्याचीच शक्यता जास्त आहे. दुसरं, बाहेर कुणी सांगितलं म्हणून गोळी बदलू नका, आणि मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्या कुणाची पुडी आणून एआरटी सोडू नका, असे लोक सहा महिन्यांनी टीबी घेऊन परत आलेले मी बघितलेत.

सेंटरला या तीन महिन्यांत दर महिन्याला बोलावतात, कौन्सेलिंग वाढवतात, आणि गोळ्या 95 टक्क्यांच्या वर घेतल्या गेल्या की तीन महिन्यांनी लोड परत करतात. 95 टक्के म्हणजे किती ते बोटावर मोजा. 30 पैकी 1 चुकली तर 96.7, चाललं. 2 चुकल्या तर 93.3, नाही चाललं. महिन्याला एकच चूक माफ आहे.

आणि आता त्या मोजणीबद्दल. गोळ्या टाकून हिशोब जुळवला तर डॉक्टरांपुढे कागद असा येतो की माणूस सगळ्या गोळ्या खातोय तरी लोड वाढलाय. मग ते काय म्हणणार? औषध फेल. चालू असलेली चांगली, सोपी, दिवसाला एक असलेली गोळी काढून घेतली जाणार आणि तिच्या जागी जास्त गोळ्या, जास्त त्रास. आपल्याकडे औषधांच्या ओळी मोजक्या आहेत, एक ओळ अशी खोट्या हिशोबात घालवायची नाही. उरलेल्या गोळ्या तशाच डबीत घेऊन या. बोलणी बसली तर पाच मिनिटं बसतील. कौन्सेलरला तोंडावर सांगायला जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहा, "या महिन्यात 9 चुकल्या", आणि ती डबीला रबर लावून द्या. आमच्याकडे असं करणारे आहेत आणि त्यांच्यावर आजवर कुणी आवाज चढवलेला नाही.

मग कारण शोधायचं, नुसतं "आता नीट घेईन" म्हणून होत नाही. त्या ड्रायव्हर भाऊंशी मी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलले. ते आधी टीएलईवर होते, गरगरायचं म्हणून गाडी चालवायच्या रात्री गोळी घ्यायचे नाहीत. गोळी बदलली, टीएलडी झाली, पण त्यांच्या डोक्यात तेच राहिलं की ही गोळी रात्रीची आणि हिने गरगरतं. नवीन गोळी सकाळी चहानंतर घेतली तरी चालते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टीएलडी जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, रात्री, कधीही चालते, फक्त वेळ रोजची एक ठेवा. काहींना तिने झोप कमी लागते, त्यांनी तर सकाळीच घ्यावी. भाऊंनी गाडीच्या डॅशबोर्डवर देवाच्या फोटोमागे डबी ठेवली, सकाळी अगरबत्ती लावली की गोळी. तीन महिन्यांनी लोड आला, टार्गेट नॉट डिटेक्टेड. गोळी तीच, माणूस तोच.

गोळी चुकली तर लक्षात येताच घ्या. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी वेळ राहिला असेल तर चुकलेली सोडून द्या, पुढची वेळेवर घ्या, दोन एकदम घेऊ नका. सात आठ दिवस गेले असतील तरी परत सुरू करा आणि सेंटरला कळवा.

आता ज्यांच्या गोळ्या खरंच चुकत नाहीत तरी लोड वाढलाय त्यांच्यासाठी. दुसरं काय काय पोटात जातंय ते सगळं टेबलावर मांडा. डोल्युटेग्रॅव्हिर पोटात काही धातूंना चिकटून बसतं आणि रक्तात पोचतच नाही:

- ॲसिडिटीची पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या, डायजीन, जेल्युसिल वगैरे, यांच्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. एआरटीची गोळी यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. पँटोप्राझोलसारख्या गोळीने डोल्युटेग्रॅव्हिरला काही होत नाही.
- कॅल्शियम, लोह, झिंक, मल्टिव्हिटॅमिन. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी भरल्या जेवणासोबत एआरटीच्या बरोबरीने चालते, पण उपाशीपोटी दोन्ही एकत्र नको, मग परत तेच 2 तास आणि 6 तास.
- टीबीची औषधं. रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरला शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून टीबीचा कोर्स चालू असेपर्यंत टीएलडीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर 50 ची एक जादा गोळी लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावर पण अजून दोन आठवडे. टीबी एका दवाखान्यात आणि एआरटी दुसरीकडे असं असेल तर ही जादा गोळी हमखास राहते, स्वतः मागून घ्या.
- फिटची औषधं, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन. ही स्वतःहून बंद करायची नाहीत, फिट येईल, पण एआरटीच्या डॉक्टरांना दाखवायची.

आमच्याकडे एक काकू होत्या, गोळ्या मोजून बरोबर, लोड तरी 3,000. घरून सगळ्या औषधांची पिशवी आणायला सांगितली तेव्हा कळलं की गुडघ्यासाठीची कॅल्शियमची गोळी आणि टीएलडी पहाटे चहासोबत एकदम घेतात, वर्षभर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर केलं, एवढंच.

दारूबद्दल पण बोलते. दारूने गोळीचं विष होत नाही. "आज प्यायलोय म्हणून गोळी नको" या भीतीने गोळी सोडणारे खूप आहेत, त्याने जास्त नुकसान होतं. प्यायच्या आधी गोळी घेऊन टाका, आणि दारू सुटत नसेल तर ते पण कौन्सेलरला सांगा, ते पण आजारपणच आहे. मन लागत नाही, मरून जावंसं वाटतं म्हणून गोळ्या सोडलेले लोक तर ओरडण्याने अजूनच लांब जातात.

पायरी 4: तीन महिन्यांनी पण लोड 1,000 च्या वरच

गोळ्या खऱ्याखुऱ्या नीट घेऊन लोड उतरला नाही तर मग औषध फेल गेल्याचा संशय पक्का धरतात. तुमची फाईल तुमच्या सेंटरकडून तज्ज्ञांच्या राज्य पॅनेलकडे जाते, सेकप (SACEP) म्हणतात त्याला. या वेळी तो पहिल्या पायरीतला कागद सोन्याच्या मोलाचा असतो.

रेझिस्टन्सची तपासणी म्हणजे जीनोटाइपिंग, विषाणूच्या जनुकांत कुठे बदल झालेत ते वाचायचं. पुण्यात भोसरीला 1992 ची एक सरकारी संस्था आहे, आधी तिचं नाव राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, सगळे नारी म्हणायचे, आता नाव बदलून निटवार (NITVAR) झालंय, तिथे या विषयाचं मोठं काम आहे. पॅनेलच्या सल्ल्याने किंवा खाजगीत, तपासणी कुठूनही होवो, तीन गोष्टी बघा.

रक्त देताना गोळ्या चालू पाहिजेत, बंद असतील तर बंद होऊन चार आठवड्यांच्या आत. गोळ्या थांबल्या की साधा विषाणू परत पुढे येतो, चिवट मागे लपतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. लोड साधारण 1,000 च्या वर पाहिजे, नाहीतर वाचायला पुरेसा विषाणूच मिळत नाही. आणि डोल्युटेग्रॅव्हिरवर असाल तर इन्टिग्रेजची, म्हणजे विषाणूच्या ज्या भागावर डोल्युटेग्रॅव्हिर चालतं त्याची, तपासणी लिहिली आहे का ते विचारा. नेहमीच्या टेस्टमध्ये बऱ्याचदा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि प्रोटिएज हे दुसरे दोन भाग एवढंच वाचतात, इन्टिग्रेज वेगळं असतं, आणि ज्या औषधाचा प्रश्न आहे तेच राहून जातं.

रिपोर्टवर एम 184 व्ही असं लिहिलेलं बघून घाबरू नका. ते पत्त्यासारखं आहे, 184 नंबरच्या जागी एम च्या ऐवजी व्ही आला. समोर प्रत्येक औषधाचं नाव आणि त्याच्यापुढे सस्केप्टिबल म्हणजे चालतं, मग लो, इंटरमीजिएट, हाय असं चढत जातं. लॅमिव्हुडिनसमोर हाय असूनसुद्धा डॉक्टर ते चालू ठेवतात आणि लोकं भांडायला येतात. कारण असं की तो बदल असलेला विषाणू स्वतः कमजोर पडतो आणि टेनोफोव्हिर त्याच्यावर जास्त चांगलं चालतं, म्हणून मुद्दाम तो तसाच दाबून ठेवायचा. आर 263 के, एन 155 एच, जी 118 आर किंवा क्यू 148 च्या जागी बदल असे काही दिसले तर ते डोल्युटेग्रॅव्हिरच्या घराण्याचे, ते पॅनेलने बघायचे.

पायरी 5: गोळ्या बदलल्या तर

जुन्या एफाविरेंझ किंवा नेव्हिरॅपिनवर फेल झालेल्याला साधारणपणे डोल्युटेग्रॅव्हिर मिळतं. डोल्युटेग्रॅव्हिरच फेल गेलं असेल तर प्रोटिएजवाली औषधं, ॲटाझानाविर, लोपिनाविर किंवा डारुनाविर, सोबत रिटोनाविर. ॲटाझानाविर जेवणासोबत घ्यायचं, डोळे थोडे पिवळे होतात, तेवढ्यावरून कावीळ म्हणून कुणाच्या सांगण्याने गोळी सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि इथे मात्र पँटोप्राझोल, ओमेप्राझोल चालत नाही, डोल्युटेग्रॅव्हिरच्या बरोबर उलट. मी या औषधांवर बरीच वर्षं काढलीत, सुरुवातीचे दोन महिने पोट बिघडतं, मग बसतं.

हिपॅटायटिस बी आहे का ते माहीत करून घ्या, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्याला पण दाबून धरतात आणि ती एकदम काढली तर लिव्हर भडकू शकतं.

नवीन गोळीवर 6 महिन्यांनी परत लोड. तो नॉट डिटेक्टेड येईपर्यंत नवरा-बायको दोघं पॉझिटिव्ह असले तरी निरोध वापरा. दोघांचा विषाणू एकसारखा असेलच असं नाही, एकाचा चिवट विषाणू दुसऱ्याला जाऊ शकतो. लोड दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झालेलं आहे, आणि हे ऐकून रडलेली जोडपी मी बघितलीत.

पायरी 6: गोळ्या मिळाल्या नाहीत किंवा गाव सोडायचं असेल तर

2022 च्या जुलैमध्ये गोळ्यांच्या तुटवड्यावरून दिल्लीत आपल्या लोकांना आंदोलनाला बसावं लागलं होतं, त्यामुळे तुटवडा होतच नाही असं मी म्हणणार नाही. डबीत आठ दहा गोळ्या असतानाच सेंटरला जा, शेवटच्या गोळीची वाट बघू नका. गोळी अर्धी करून किंवा एक दिवसाआड करून पुरवू नका, तीच ती बोंडअळीची फवारणी. तीन औषधं सुटी मिळाली तर तिन्ही घ्या, त्यातलं एकच मिळालं तर नुसतं ते एक घेऊ नका. मिळत नसतील तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, आणि जवळचं दुसरं सेंटर विचारा.

आमच्या भागातून दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघतात ती पार उन्हाळ्यात परततात, आणि दर वर्षी मार्चनंतर आमच्याकडे वाढलेल्या लोडचे रिपोर्ट यायला लागतात. मुकादमाची उचल घेतली की लगेच, निघायच्या निदान पंधरा दिवस आधी, सेंटरला सांगा कोणत्या कारखान्यावर जाताय. जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येतात का ते बघतात, नाहीतर कारखान्याच्या जवळच्या सेंटरला चिठ्ठी देतात, तिथे हिरवं पुस्तक दाखवून गोळ्या घेता येतात. लोडची तारीख मधे पडत असेल तर निघायच्या आधीच रक्त देऊन जा. गोळ्या डबीतच ठेवा, झाकण घट्ट, कोपीत उन्हाच्या आणि चुलीच्या बाजूला नाही. एकाच कोपीत दोघं पॉझिटिव्ह असतील तर डब्या वेगळ्या, एकाच्या संपल्या म्हणून दुसऱ्याच्या वाटून खाल्ल्या की दोघांचा लोड वाढतो.

आणि सामान लादताना कोयता, पोती, भांडी सगळं ट्रॅक्टरवर जातं, ते कधी कधी दोन दिवस उशिरा पोचतं. गोळ्यांची पिशवी, हिरवं पुस्तक आणि तो कागद त्यात द्यायचा नाही, स्वतःच्या खांद्याला ठेवायचा.